तिसरा जीव

आईचा स्कोअर वाढायला लागला तेव्हा मामानं पेढे वाटले. जिन्यातल्या बिऱ्हाडांना, खालच्या किराणावाल्याला, आणि सकाळी आईला अंघोळ घालायला येणाऱ्या नर्सबाईंना तर अख्खा पुडा. "आक्कानं आज टोळांचा फडशा पाडला," असं तो सांगत सुटला. ऐकणाऱ्यांना काय कळलं असेल देव जाणे, पण पेढ्याला कुणी नको म्हणत नाही. मी आत चहा टाकत होते आणि मलाही मनापासून आनंद झाला होता.

माझी आई सुलक्षणा मगदूम. इचलकरंजीत तिचा शिवणक्लास होता. अर्ध्या गावातल्या मुली तिच्या हाताखाली कापड कापायला शिकल्या, आणि बाकीच्या अर्ध्यांनी तिची बोलणी खाल्ली. मागच्या वर्षी तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. मानेखालचं सगळं बंद पडलं, बोलणं गेलं. डोळे उघडे असायचे, पण ते कुणाकडे बघतायत हे सांगता यायचं नाही. बाबा जाऊन बरीच वर्षं झालीत. उरलो मी आणि तिचा धाकटा भाऊ, भरतेशमामा. मामाचं यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्यानं लग्न केलं नाही, त्यामुळे घर म्हणजे आमचंच घर. आई पडल्यापासून तो दुकान लवकर बंद करायचा आणि येऊन तिच्या पलंगाशी खुर्ची टाकून बसायचा.

कोल्हापूरच्या पुनर्वसन केंद्रातल्या डॉक्टर पटवेकरांनी आम्हाला 'पूरक'बद्दल सांगितलं. मला त्या बाई आवडल्या, कारण त्या गोड बोलत नव्हत्या.

"आपण हात उचलायचं ठरवतो ना, त्याच्या जरासं आधीच मेंदूत तयारी सुरू होते," त्या म्हणाल्या. "विजेची एक बारीक लाट उठते. ती खाली स्नायूपर्यंत गेली की हात उचलला जातो. तुमच्या आईच्या मेंदूत लाट उठतेय, पण अर्धवट आणि तुटक. आणि खाली जायची वाटच बंद आहे."

पूरक म्हणजे दोन पातळ पट्ट्या. एक कवटीखाली बसवायची, ती लाट ऐकते. दुसरी हाताला गुंडाळायची, ती स्नायूंना हलकेच झटके देते आणि हात हलतो. लाट अर्धीच आली, तर उरलेली अर्धी पूरक स्वतःच्या मनानं भरतो. फोनवर आपण दोन शब्द लिहिले की तिसरा तो सुचवतो, त्यातलाच प्रकार. माणूस जितकं जास्त वापरेल, तितका पूरक त्याला ओळखत जातो.

"म्हणजे हलवणार कोण? आई की हा?" मी विचारलं.

"दोघं मिळून. सुरुवातीला त्याची भर अगदी थोडी ठेवतो. पुढे गरजेप्रमाणे ती आपोआप कमीजास्त होते," डॉक्टर म्हणाल्या. "पण त्याला शिकवायला एक खेळ लागेल. दोन-तीन बटणांचा, साधा. हल्लीचे खेळ उपयोगाचे नाहीत. खेळणारा कंटाळून जाऊ नये म्हणून ते गुपचूप मदत करतात. नेम चुकला तरी गोळी वळवून देतात. मग कोण खेळलं तेच कळत नाही."

हे ऐकून मी मनातल्या मनात बाह्या सरसावल्या. माझा धंदा बुडून काही वर्षं झाली होती. आता प्रोग्राम कुणी लिहीत नाही, यंत्राला तोंडानं सांगतात आणि ते लिहितं. मी मात्र हट्टाला पेटल्यासारखी साधं जावास्क्रिप्ट हातानं लिहीत राहिले, दुसऱ्या कुणी लिहिलेल्या तयार कोडची लायब्ररी उसनी न घेता. ब्राउझरला ते अजून समजतं. लोक मला हसायचे. पण आता आईचं बोट आणि पडद्यावरचा ठिपका यांच्या मधे तिसरं कुणी नको होतं, आणि ते मला जमत होतं.

"कुठला खेळ करू?" मी मामाला विचारलं.

त्यानं क्षणभरही विचार केला नाही. "टोळधाड कर."

ते दोघं शाळेत असताना सायकलच्या एका दुकानामागं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. त्यातल्या एका यंत्रावरचं नावाचं स्टिकर कुणीतरी खरवडून काढलेलं, म्हणून पोरांनी आपलं नाव ठेवलं, टोळधाड.

"वरनं टोळ यायचे, ओळीनं," मामा हात नाचवत सांगायला लागला. "खाली आपलं विमान. डावीकडं-उजवीकडं पळवायचं आणि गोळ्या घालायच्या. एका टोकनला तीन जीव. आणि घरातनं टोकन मिळायचं एकच, दोघांत. मग आक्काचा कायदा! दोन जीव तिचे, तिसरा माझा. तिसरा जीव आला की ती विमानाच्या दांडीवरचा हात काढायची आणि डावीकडं सरकायची. माझ्याकडं बघायची बी न्हाई. मी सोड्याच्या खोक्यावर चढंस्तवर निम्म्या वेळा टोळानं विमान खाल्लेलं असायचं."

"मग भांडायचात?"

"कशाला? दिला तर व्हता तिनं."

मला हे नवीन नव्हतं. लहानपणी घरच्या कॉम्प्युटरवर आई माझ्याशी खेळायची तेव्हाही असंच करायची. शेवटचा जीव आला की हात काढून घ्यायचा, जरा सरकायचं. स्वतःच्या ताटातलं शेवटचं धपाटंसुद्धा ती असंच, न बघता, माझ्याकडे ढकलायची.

खेळ लिहायला मजा आली. खोटं कशाला बोलू? आई पलीकडच्या खोलीत तशी पडलेली आणि मी इकडे टोळांना पाय काढत बसले होते. एक कॅनव्हास, काळा. टोळांची एक यादी, गोळ्यांची एक यादी. दर क्षणी सगळं पुसायचं, थोडं पुढे सरकवायचं, पुन्हा काढायचं. गोळीचा चौकोन टोळाच्या चौकोनावर आला की टोळ मेला. एवढ्यावर सगळी दुनिया उभी राहते. तीन जीव संपले की पडद्यावर मी लिहिलं, 'पुढचा खेळाडू?'

माझ्या जुन्या लॅपटॉपवर सगळं झकास चाललं. केंद्रानं दिलेल्या नव्या पडद्यावर लावलं, तर टोळ असे सुसाट आले की विमान हलायच्या आत तिन्ही जीव खलास.

"हे टोळ हायत का रॉकेट?" मामा ओरडला.

नवशिक्यांची चूक केली होती मी. चित्र एकदा काढलं की टोळ एक पाऊल पुढे, असं लिहिलं होतं. नवा पडदा जुन्याच्या चौपट वेगानं चित्रं काढतो, म्हणून टोळही चौपट धावले. पावलं चित्रांवर मोजायची नसतात, मधे गेलेल्या वेळावर मोजायची असतात. ते दुरुस्त केलं, वेगाचा एक आकडा वेगळा काढून ठेवला, आणि टोळ शहाण्यासारखे उतरायला लागले.

केंद्रात पट्ट्या बसवून आईला घरी आणल्यावर आम्ही पहिल्यांदा तिचा उजवा हात कीबोर्डवर ठेवला. टोळ उतरायला लागले. आईची तर्जनी थरथरली. विमान उजवीकडे सरकलं, जरासंच. मामानं माझा दंड असा धरला की वळ उठले. तिचा पहिला जीव लगेच गेला. दुसऱ्यात तिनं दोन टोळ मारले. तिसरा जीव आला, आणि आईचा हात कीबोर्डवरून अलगद घसरला, चादरीवर बाजूला जाऊन पडला.

"थकल्या बहुतेक," पडद्यावरून बघणारा केंद्रातला थेरपिस्ट म्हणाला.

मामा मात्र तोवर उठला होता. तो पलंगाच्या कडेवर टेकला, कीबोर्ड ओढून घेतला आणि खेळायला लागला. डोळ्यांत पाणी, त्यामुळे दिसत काहीच नव्हतं. टोळानं विमान खाल्लं.

"थकली न्हाई ओ ती," तो म्हणाला. "पाळी दिली मला."

त्या दिवशी माझ्या जिवात जीव आला. आई आत आहे, हे मला कळलं होतं. पुढचे काही आठवडे रोज तेच. दोन जीव आईचे, तिसरा मामाचा. थेरपिस्टला आम्ही पार्लरची गोष्ट सांगितली, तोही हसला. पण पूरकला गोष्टी कळत नाहीत. खेळ चालू आहे आणि हात थांबलाय, एवढंच त्याला दिसत होतं.

मग स्कोअर वाढायला लागला, आणि ते पेढे. आईचा हात आता पेला धरत होता. जाताना मामानं तो हातात घेतला की आईची बोटं मामाचा हात दाबत होती. विमान तर असं फिरायचं की बघत राहावं. शेजारच्या बायका बघायला यायच्या आणि माझ्या खेळाचंही कौतुक व्हायचं.

एका संध्याकाळी मामा भडंग खातखात हसून म्हणाला, "आक्का लई हावरट झालीया बघ. किती दिवस झाले, माझी पाळीच येत न्हाई."

माझा हात वाटीतच थांबला.

मी पडद्याकडे बघितलं. दुसरा जीव संपला, तिसरा आला. मामा सवयीनं खुर्चीवर पुढे सरकला, भडंगाचे हात लेंग्याला पुसले. आईचा हात कीबोर्डवरून हलला नाही. बोटं शांतपणे, एकही चूक न करता चालत राहिली. जरा वेळानं मामा पुन्हा मागे टेकला. आई आयुष्यात कधी अशी खेळली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी कोल्हापूरला गेले. डॉक्टर पटवेकरांनी आईच्या पूरकची सगळी माहिती पडद्यावर काढली आणि पहिल्या दिवसापासूनचे आकडे एकेक करून तपासले.

"मधे कधीतरी बारीक गुठळ्या झाल्या असाव्यात," त्या म्हणाल्या. "लाट क्षीण होत गेली, तशी त्यानं भर वाढवली. बाहेरून फरक दिसला नाही, कारण फरक दिसू न देणं हेच त्याचं काम आहे. आमच्या लक्षात यायला हवं होतं. स्कोअर वाढत होता, म्हणून कुणी खोलात गेलं नाही."

"आता भर किती आहे?"

"जवळजवळ सगळी."

"आणि उरलेलं?"

"ती लाट आहे की नुसती खरखर, हे मला सांगता येत नाही."

मी विचारायचं तेच विचारलं. "आई आत असेल, आणि तिला हात काढायचा असेल, तर?"

"तर तो काढू देणार नाही," त्या म्हणाल्या. "हात न हलवणं हीसुद्धा माणसाची इच्छा असू शकते, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. थांबलेला हात त्याला बिघाडच वाटतो. तो भरून काढतो."

म्हणजे एक तर आई राहिली नव्हती, किंवा होती आणि तिचाच हात तिला सोडत नव्हता. यातलं कुठलं मागायचं, हे मला त्या खुर्चीत बसून ठरवता येईना. मी तिथेच, त्यांच्यासमोर रडले.

एक उपाय होता. भर पुन्हा पहिल्या दिवसाइतकी कमी करायची. आई असेल, तर हात थोडा तरी हलेल, अडखळत का होईना. पण भर उतरवली की पूरकनं शिकलेलं सगळं पुसलं जाणार होतं. लाट उरलेली नसेल, तर नव्यानं शिकायला त्याला काहीच मिळणार नाही, आणि हात पुन्हा कधीच हलणार नाही.

"तुम्ही आणि मामा, दोघं मिळून ठरवा," डॉक्टर म्हणाल्या.

मामानं ऐकून घेतलं आणि तडकलाच. "खुळी झालीस का तू, सन्मती? हात हलतोय तिचा! गाव बघून जातंय. जाताना माझा हात दाबतीया ती, रोज. ते बी खोटं?"

"मामा, रोज तुम्हीच तिची बोटं वळवून मूठ करायचात. पूरक तेच शिकला."

हे मी बोलायला नको होतं, किंवा असं तरी बोलायला नको होतं. त्याचा चेहरा पडला. चपला घालून तो निघून गेला, आणि पुढचे काही दिवस आलाच नाही. मी दुकानावर गेले, तर गिऱ्हाइकाशी बोलल्यासारखं बोलला. "आत्ता गडबडीत हाय," म्हणाला. दुकानात चिटपाखरू नव्हतं.

आणि मग एका संध्याकाळी आला. माझ्याशी न बोलता आईच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसला. "लाव," म्हणाला. मी खेळ लावला. एक जीव गेला. बऱ्याच वेळानं दुसरा गेला. तिसरा आला तसा मामानं आपला हात आईच्या हातावर ठेवला.

"आक्का, सोड. माझी पाळी हाय."

हात चालतच राहिला. मामानं तो हलकेच उचलून बाजूला घ्यायचा प्रयत्न केला. हातानं जोर लावला आणि पुन्हा बटणांकडे गेला. मामानं पुन्हा उचलला. तो पुन्हा गेला, आधीपेक्षा जास्त जोरानं. मामानं आपला हात चटका बसल्यासारखा मागे घेतला आणि आईच्या तोंडाकडे बघत राहिला. पडद्यावर टोळ पटापट मरत होते.

"लाव फोन त्या बाईंना," तो म्हणाला.

रविवारी दुपारी डॉक्टर स्वतः आल्या. त्यांनी भर उतरवली, त्याला चहा थंड व्हायला लागतो तेवढा वेळसुद्धा लागला नाही. आईचा हात चादरीवर होता, तो जरा सैल पडला, बस्स. मी तो उचलून कीबोर्डवर ठेवला. जड होता.

"घाई करायची नाही," डॉक्टर म्हणाल्या.

आईला वेळ मिळावा म्हणून मी वेगाचा तो आकडा निम्मा केला. माझ्या हातात तेवढंच होतं.

टोळ उतरायला लागले, सावकाश. विमान मधोमध उभं होतं. मी आईच्या तर्जनीकडे बघत होते. पहिल्या दिवशी ती थरथरली होती तशी थरथरेल म्हणून डोळे ताणून बघत होते. टोळ खाली आला आणि विमान गेलं.

"थांब, तिला उमगायला वेळ लागंल," मामा म्हणाला.

दुसरा जीव आला. माझ्या कोडमध्येच काहीतरी चुकलं असू दे, अशी मी मनोमन प्रार्थना करत होते. बटण दाबलेलं कळत नसेल, यादी रिकामी असेल, काहीही. काही चुकलेलं नव्हतं. दुसरा गेला.

तिसरा आला. मामा खुर्चीच्या पुढच्या कडेवर आला होता. आईचा हात ठेवला तिथेच होता. बटणं दाबत नव्हता, आणि बटणांवरून उतरतही नव्हता. मामानं कीबोर्ड ओढून घेतला नाही. तो वाट बघत होता. तिनं दिल्याशिवाय त्यानं कधी घेतला नव्हता. टोळ अगदी हळूहळू आला आणि तिसरं विमानही खाऊन गेला.

डॉक्टरांनी त्यांच्या पडद्यावरून नजर उचलली आणि नकारार्थी मान हलवली. माझ्या खेळात 'पुढचा खेळाडू?' अशी अक्षरं आली आणि लुकलुकत राहिली.

"आक्कानं मला तिन्ही कधी दिले नव्हते गं," मामा म्हणाला.

मग तो तसाच बसून रडला, मोठ्यानं, लहान पोर रडतं तसा. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. माझंही भान सुटलं होतं. आईचे डोळे उघडे होते आणि ती छताकडे बघत नव्हती, खिडकीकडे बघत नव्हती, कुठेच बघत नव्हती. डॉक्टर उठून बाल्कनीत जाऊन उभ्या राहिल्या.

जरा वेळानं मामानं डोळे पुसले. आईचा हात कीबोर्डवरून उचलला, तिच्या पोटावर नीट ठेवला, त्यावर चादर सारखी केली. कीबोर्ड मांडीवर घेतला आणि बटण दाबलं.

मामाला खेळता येत नाही. यंत्रमागाचे नटबोल्ट पिळून जाड झालेली त्याची बोटं एका वेळी दोन बटणं दाबतात. तरी तो जीव तोडून खेळला. वेग निम्मा असूनही पहिला जीव गेला, मग दुसरा गेला. तिसरा जीव आला तसं त्यानं कीबोर्ड आईजवळ पलंगावर ठेवला, हात काढून घेतला आणि तिच्याकडे न बघता, खुर्चीसकट डावीकडे सरकला.

आम्ही दोघं पडद्याकडे बघत राहिलो. वेग मी निम्मा केला होता, त्यामुळे टोळ खाली यायला बराच वेळ लागला.